फोन टॅपिंग, सार्वजनिक सुरक्षा आणि आपला किनारा

दिघीखाडी (धागाकर्ता)

सरकारने लोकांचे फोन ऐकावेत का, असा विषय निघाला की आमच्या श्रीवर्धन-म्हसळा भागात एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'दिघी-शेखाडीला काय उतरलं होतं ते विसरलात का?' म्हणजे ज्या किनाऱ्यावरून आरडीएक्स आत आलं, तिथल्या माणसाने तरी सरकारी पाळतीबद्दल कुरकुर करू नये. या वाक्याला मला नीट उत्तर द्यायचं आहे, कारण माझ्या मते दिघी-शेखाडीची हकीगत नेमकं उलट सांगते.

जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये या दोन ठिकाणी शस्त्रं आणि स्फोटकं उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. त्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०१३ पासून कुणालाही वाचता येतो. शस्त्रं उतरण्याची शक्यता आहे असा इशारा कस्टमच्या वरिष्ठांकडून जानेवारीतच खाली गेला होता. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी माल घेऊन निघालेल्या गाड्या प्रत्यक्ष अडवल्याही होत्या. मग पैशांचं ठरलं आणि गाड्या सुटल्या. कस्टमचा अतिरिक्त कलेक्टर, फौजदार, शिपाई अशा सगळ्या पायऱ्यांवरच्या लोकांना त्या खटल्यात शिक्षा झाल्या. खबर होती, माणसं जागेवर होती, गाडी समोर उभी होती. ज्यांच्या हातात हे सगळं होतं, त्यांच्यावर मात्र कुणाची नजर नव्हती.

आता फोनचं बघा. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२) सांगतं की सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज असेल तर सरकार संदेश मध्येच अडवू किंवा ऐकू शकतं. (१८८५ हे साल रत्नागिरीकरांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. असे कायदे कुणाच्या सोयीने लिहिले जात होते ते यावरून समजावं.) २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, पण कलम २०(२) मध्ये तेच शब्द तसेच ठेवले गेले.

टॅपिंगच्या आदेशावर सही गृहसचिवाची. तो आदेश योग्य होता का हे तपासणारी समिती राज्यात मुख्य सचिवाची, केंद्रात कॅबिनेट सचिवाची. म्हणजे आदेश देणारे अधिकारी, तपासणारेही अधिकारी. न्यायाधीश कुठेच नाही. केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंग आदेश काढत होतं, हे काही वर्षांपूर्वी माहिती अधिकारातल्या उत्तरातून बाहेर आलं. डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात त्यावरून हिशेब मांडला: समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश. दिवसभर आठ तास बसली तरी मिनिटाला तीसहून जास्त. मिनिटाला तीस कागदांवर नजर तरी फिरते का?

पहारा नको असं मी अजिबात म्हणत नाही. पहारेकऱ्यावर पहारा ठेवा, एवढंच म्हणतो. आपल्या भागातल्या लोकांचं काय मत आहे?

---

बाणकोटी

दिघीखाडी, तुमचा १९९३ चा मुद्दा मान्य. त्या प्रकरणाने आमच्या खात्याची मान खाली गेली आणि प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांनाही पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्या. मी कस्टममधून निवृत्त झालो, म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे.

पण २६/११ चं काय? ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊसमध्ये बसलेले अतिरेकी कराचीतल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते आणि आपल्या यंत्रणा ते त्याच वेळी ऐकत होत्या. तीच संभाषणं पुढे खटल्यात पुरावा म्हणून उभी राहिली. ते कान नसते तर पाकिस्तानातून कोण काय हुकूम देत होतं हे जगापुढे कशाच्या जोरावर मांडलं असतं?

आणि न्यायाधीशाची परवानगी घ्या म्हणणं सोपं आहे. खबर रात्री अकराला येते, होडी पहाटे तीनला लागते. मधल्या चार तासांत मी कुणाच्या बंगल्याची बेल वाजवायची? खबऱ्याचं नाव किती लोकांपुढे उघडं करायचं? खबरी एकदा फुटला की परत मिळत नाही, आणि कधी कधी जिवंतही राहत नाही. हे वर्तमानपत्रात येत नाही.

---

हर्णै बंदर

दोघांचंही पटतं, पण आमच्यासारख्यांचा अनुभव वेगळा आहे तो सांगतो.

समुद्रावर आमचं बोलणं वायरलेसवर चालतं. व्हीएचएफवर जो सेट लावेल तो ऐकतो. बाजूची बोट ऐकते, कोस्ट गार्ड ऐकतं, सगळ्यांना माहीत असतं. म्हणून कुठे घोळ मासळी मिळाली, कुठे सुरमई लागली ते कुणी तांडेल (बोटीचा प्रमुख) वायरलेसवर उघड बोलत नाही. 'आज बरं आहे' एवढंच बोलायचं, आवाजावरून आपल्या माणसाने काय ते ओळखायचं. पण इंजिन बंद पडलं किंवा पाणी आत यायला लागलं तर चॅनेल १६ वर ओरडायचं, तेव्हा जेवढे जास्त कान तेवढं बरं.

२६/११ नंतर आमच्यावर किती नियम आले ते मोजा. खलाशांची बायोमेट्रिक कार्डं, बोटींना ठरलेले रंग, बंदरातून निघताना-परतताना टोकन, २० मीटरवरच्या बोटींना एआयएस (बोटीची जागा आपोआप कळवणारं यंत्र). आता छोट्या बोटींना इस्रोचा ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली, देशभरात १ लाख बोटींना बसवायचे आहेत. कुरकुर झाली, पण आम्ही मानलं. का मानलं? कारण तो डबा माझ्या डोळ्यांसमोर बसवला, त्याचं बटण माझ्या हातात आहे, वादळाचा निरोप त्याच्यावर येतो आणि मी अडचणीत असलो तर माझा निरोप किनाऱ्याला जातो. ओखी वादळाच्या वेळी, डिसेंबर २०१७ मध्ये, केरळ-तामिळनाडूच्या बोटी वाऱ्याने रेटत देवगडला आल्या होत्या. तिकडे त्यांच्या घरच्यांना माणसं आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. तेव्हा असा डबा असता तर?

फोन टॅपिंगमध्ये यातलं काहीच नाही. मला कळतही नाही, उपयोगही होत नाही.

---

कोर्टपायरी

बाणकोटीकाका, रात्रीच्या खबरीसाठी नियमांत सोय आहे, पूर्वीही होती. तातडी असेल तर राज्यात पोलीस महानिरीक्षक (आयजी) दर्जाचा अधिकृत अधिकारी स्वतः आदेश देऊ शकतो, सचिवाला तीन दिवसांत कळवायचं आणि सात दिवसांत त्याची मंजुरी घ्यायची. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही हीच रचना आहे, दोन्हीकडे दिवस कामकाजाचे धरायचे. तेव्हा चार तासांचा प्रश्न न्यायाधीश आणल्याने बिघडत नाही. सात दिवसांनंतरची मंजुरी सचिवाऐवजी न्यायाधीशाने द्यावी एवढाच फरक. तोवर होडीही लागलेली असते आणि तुमची माणसंही पोचलेली असतात.

'सार्वजनिक सुरक्षा' कशाला म्हणायचं यावर थोडं लिहिते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आणीबाणी किंवा सुरक्षेला धोका ही गुप्त गोष्ट नसते, कुणाही समंजस माणसाला ती परिस्थिती दिसायला हवी. समुद्रातून हत्यारबंद टोळी येते आहे, हे त्यात बसतं. पण एखाद्या लाचेच्या प्रकरणात? २०१९ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात सीबीआयला मिळालेले तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता, आणि त्यात जनतेच्या सुरक्षेला कोणता धोका होता हे सरकारला दाखवता आलं नाही. तरी प्रश्न मिटलेला नाही. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालय मुंबईच्या बाजूने गेलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या प्रकरणातलं टॅपिंग वैध धरलं. एकाच देशात, एकाच वर्षी, त्याच दोन शब्दांचे दोन अर्थ.

विनीत कुमार प्रकरणातले आदेश २००९-१० चे होते. निकाल २०१९ चा. आणि ते आदेश न्यायालयापर्यंत आले ते गुन्हा दाखल झाला म्हणून. ज्याच्यावर गुन्हाच दाखल होत नाही त्याचा फोन ऐकला गेला हे त्याला कधीही कळत नाही. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी टॅपिंग करायला न्यायाधीशाचा आदेश लागतो, टॅपिंग संपल्यावर साधारण ९० दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं आणि वर्षाला किती टॅपिंग झालं याचा अहवाल छापला जातो. आपल्याकडे माहिती अधिकारात विचारायची वाटही दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने जवळपास बंद केली आहे.

---

अर्जुनाकाठ

कोर्टपायरीताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायचं ठरवलं.

मी राजापूरची. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा काय वातावरण होतं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. जमावबंदी, प्रवेशबंदीच्या नोटिसा, रस्त्यावर आडव्या झालेल्या बाया, सगळीकडे पोलीस गाड्या. प्रकल्प हवा की नको यावर इथे वाद नको, गावातही दोन्ही बाजूंची माणसं आहेत.

मला सांगायचं आहे ते फोनचं. त्या दिवसांत आमच्या वाडीत कुणीतरी म्हणालं, 'फोन ऐकतायत.' कुणाचे, कोण, कशावरून, काहीच माहीत नाही. पण त्या एका वाक्यानंतर माणसं बदलली. माझी जाऊ तिच्या मुंबईच्या भावाला रोज रात्री फोन करायची, तिने तो बंद केला. डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन केला तरी बोलणं आवरतं घ्यायची. वाडीच्या ग्रुपवर हळदीकुंकवाचे निरोप यायचे तेही थांबले. बैठक आहे हे सांगायला शाळकरी पोर घरोघर पाठवायचो. म्हातारी माणसं तर मोबाइल पितळी डब्यात ठेवून वर झाकण लावायची.

ऐकत होते की नव्हते, मला आजही माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. कदाचित कुणीच ऐकत नसेल. तरी आमची तोंडं बंद झाली ती झालीच. ज्यांनी आयुष्यात कुणाचं काही चोरलं नाही अशा बायका आपल्याच घरात कुजबुजत बोलत होत्या. 'लपवायचं नाही तर घाबरायचं कशाला' म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.

---

देवगडचा पुण्यात

अर्जुनाकाठ, वाचून वाईट वाटलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून त्या बाजूचं थोडं. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर मधल्या मध्ये वाचता येत नाही, तो दोन्ही टोकांच्या फोनवरच उघडतो. म्हणून २०२१ च्या आयटी नियमांत 'हा मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगा' अशी अट आली आणि कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कारण दिलं जातं अफवा, दंगली, लहान मुलांवरचे अत्याचार. कारणं खोटी नाहीत. पण एका मेसेजचा उगम शोधायची सोय करायची तर सगळ्यांच्या सगळ्या मेसेजवर खूण ठेवावी लागते, ती फक्त गुन्हेगाराच्या मेसेजपुरती ठेवता येत नाही.

मजकूर सोडा, नुसता तपशीलही पुष्कळ असतो. कुणी कुणाला, कधी, किती वेळ, कोणत्या टॉवरखालून फोन केला हा सीडीआर डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना किमान दोन वर्षं जपून ठेवावा लागतो. त्यातून हरवलेली माणसं सापडतात, खुनाचे तपास लागतात. पण कोण कुणाच्या घरी किती वेळ थांबतं तेही त्यातून दिसतं.

आणि विरोध केल्याने फरक पडतो, हेही लिहून ठेवतो. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी नव्या प्रत्येक फोनमध्ये संचार साथी अॅप आधीच टाकून द्यावं असा आदेश निघाला. चोरीचे फोन शोधायला ते अॅप खरंच उपयोगी आहे, मी स्वतः घरच्यांना टाकून दिलंय. पण सक्ती म्हटल्यावर देशभर ओरड झाली आणि आठवड्याच्या आत, ३ डिसेंबरला, ती सक्ती मागे घेतली गेली.

---

सर्जेकोट

माका एकच सांगूचा आसा. सागर रक्षक दलात आमची पोरां आसत. दर्यात काय येगळा दिसला तर सागरी पोलिसांच्या १०९३ वर पयलो फोन तीच करतत. तेंका पगार नाय, रात्री गस्तीक जावक धड टॉर्च नाय. सुरक्षा सुरक्षा म्हणतास, तर पयला ह्या पोरांकडे बघा.

---

दिघीखाडी

सर्जेकोट, अगदी खरं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-४७ असलेली बेवारस बोट लागली. ती ओमानकडून निघालेली, वादळात सोडून दिलेली निघाली, पण ते नंतर कळलं. त्या दिवशी आमच्या पोटात गोळाच आला होता, आणि ती बोट कुठल्या फोन टॅपिंगने सापडली नाही. किनाऱ्यावरच्या माणसांना दिसली आणि त्यांनी कळवलं. बारसूसारखं वातावरण झालं तर हीच माणसं पोलिसांना फोन करायला कचरतील. लोकांचा विश्वास गेला तर किनाऱ्याचे डोळे गेले, हे सुरक्षेचंच नुकसान आहे.

बाणकोटीकाका, २६/११ च्या संभाषणांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. हल्ला चालू असताना ऐकणं, यापेक्षा योग्य टॅपिंग कोणतं असेल? त्याला कुठल्याही न्यायाधीशाने एका मिनिटात होकार दिला असता. पण समुद्रातून हल्ल्याची शक्यता आहे असे इशारे आधीच आले होते आणि त्यांचं पुढे नीट काही झालं नाही, हेही त्याच घटनेत आहे. २६/११ ची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीनेही राज्य पातळीवर गुप्तवार्ता हाताळण्यातल्या गोंधळावर बोट ठेवलं होतं. त्यानंतर नॅटग्रिड (वेगवेगळ्या खात्यांकडची माहिती तपास यंत्रणांना एकत्र देणारं जाळं) आलं, फोन ऐकण्यासाठी सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीम आली. डिसेंबर २०१८ मध्ये संगणकातली माहिती अडवायचे, वाचायचे अधिकार असलेल्या दहा यंत्रणांची यादी निघाली, तीत प्रत्यक्ष कर मंडळही आहे. ऐकायची ताकद दरवेळी वाढली. ऐकणाऱ्यांच्या तपासणीत मात्र बाहेरचा एकही माणूस वाढला नाही.

तुम्हाला थेट विचारतो, आणि मनापासून विचारतो. तुमच्या नोकरीत असा एखादा प्रसंग आठवतो का, की सात दिवसांनी न्यायाधीशाला कागद दाखवावा लागला असता तर काम बिघडलं असतं?

---

बाणकोटी

उत्तर द्यायला उशीर केला, कारण विचार करत होतो.

काम बिघडलं असतं असा प्रसंग आठवत नाही. खबऱ्याचं नाव बंद पाकिटात देता आलं असतं, न्यायालयात तसं चालतंच. उलट, वरून कुणीतरी 'हा नंबर जरा यादीत टाका' असं तोंडी सांगायचं तेव्हा 'साहेब, हे जजसाहेबांपुढे जाणार आहे' असं म्हणायची सोय झाली असती. हाताखालच्या माणसाला नकार द्यायला कारण लागतं. आम्हाला ते कधी मिळालं नाही. राजकारण्यांचे फोन ऐकण्यावरून १९८८ मध्ये कर्नाटकात हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, पण त्यांच्यासाठी ऐकणाऱ्या खालच्या माणसांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही.

पण नंतर त्या माणसाला कळवायचं, हे मला अजून पटत नाही. ज्याच्यावरचा संशय खरा होता पण पुरावा मिळाला नाही, त्याला 'आम्ही तुला ऐकत होतो' हे सांगणं म्हणजे पुढच्या वेळी त्याला सावध करणं. यावर मी तुमच्या विरोधातच राहणार.

---

कोर्टपायरी

काका, तो आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जिथे अशी तरतूद आहे तिथे न्यायाधीश कारण बघून कळवणं पुढे ढकलू शकतो. पण ढकलायचं की नाही हे ऐकणाऱ्याने स्वतःच ठरवू नये.

---

हर्णै बंदर

चर्चा मोठी झाली, पण मला एक काम दिसतंय. ट्रान्सपॉन्डरची जी माहिती जाते ती कोण कोण बघतं हे आम्हाला कुणी लेखी दिलेलं नाही. मत्स्य विभाग बघतो ते ठीक, कोस्ट गार्ड बघतं ते ठीक. बंदी असलेल्या एलईडी मासेमारीवर त्यातून कारवाई झाली तर मी पहिला टाळ्या वाजवीन. पण माझ्या मासेमारीच्या जागा एखाद्या बड्या पर्ससीनवाल्याच्या (मोठ्या घेर-जाळ्याने मासेमारी करणाऱ्याच्या) हाती लागल्या तर? १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हाच मच्छीमार सोसायटीची सभा होते. ताई, विभागाला पत्र कसं लिहायचं ते सांगाल का?

---

कोर्टपायरी

नक्की. साधं ठेवा. ट्रान्सपॉन्डरची माहिती कोणकोणत्या खात्यांना मिळते, किती दिवस साठवली जाते, पोलिसांनी मागितल्यास कुणाच्या लेखी आदेशाने दिली जाते, आणि बोटमालकाला स्वतःच्या बोटीची नोंद मागता येते का. सोसायटीच्या लेटरहेडवर, ठराव क्रमांक घालून. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच प्रश्न माहिती अधिकारात टाका. हे टॅपिंग नाही, त्यामुळे इथे नकार देणं त्यांना तितकं सोपं जाणार नाही.

---

अर्जुनाकाठ

हर्णैदादा, त्यात एक प्रश्न आमच्यासाठी घाला. आंदोलन किंवा जमावबंदी असताना ही माहिती कुणी मागितली होती का, आणि किती वेळा. नाटे बंदरातल्या बोटींनाही ते डबे बसणार आहेत. आमच्या सोसायटीतर्फे आम्हीही तेच पत्र पाठवतो.

---

हर्णै बंदर

घातला. मसुदा उद्या इथेच टाकतो. सर्जेकोट, तुमच्या पोरांच्या टॉर्चचं मत्स्य विभागाकडे होत नाही, ते सागरी पोलीस ठाण्याकडे जाईल. त्याचं वेगळं पत्र करू.